सीबच्या कारखान्यातला टिपूचा वाघ

सीब, शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९. दुपारचे सव्वातीन. केसांतला लाकडाचा भुसा झटकून लिहायला बसलोय.

प्रिय मेहनाज,

सलाम. तू मागच्या पत्रात विचारलंस, ‘घरच्यांनी ठरवलं म्हणून हो म्हणालास, की तुलाही मी हवी होते?’ उत्तर लिहायला घेतलं की हात अडतो. आठवीपर्यंत शिकलेल्याच्या हातून भलतंच लिहिलं गेलं तर? फोन करावा, तर तो तुमच्या शेजारच्या दुकानात, तिथे अर्धा मोहल्ला कान लावून बसलेला. रागावू नकोस. आधी वाघाचं ऐक.

आमच्या कारखान्यात दरवाजे आणि पेट्या बनतात. गेल्या महिन्यात इथून जवळच घुब्र्यात राहणाऱ्या नयनाताई पुस्तकातलं एक चित्र घेऊन आल्या. टिपू सुलतानाने करवून घेतलेला लाकडी वाघ, खाली आडवा पडलेला गोरा शिपाई. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, शिपाई कण्हतो आणि त्याचा हात वर जातो. खरा वाघ आता लंडनच्या म्युझियममध्ये आहे. त्यांच्या लेकीला, वल्लरीला, शाळेच्या प्रदर्शनासाठी तसाच छोटा हवा होता. ती मला म्हणाली, “मुजम्मिलकाका, पण तो रोअर करायलाच पाहिजे हं!” मी इन्शाल्ला म्हटलं आणि माझी झोप उडाली.

सागवान उरलेलं होतं. भात्याला चामडं लावलं, नळी बसवली, पट्टे रंगवले. सगळ्यांना बोलावून दांडा फिरवला, तर वाघ म्हणाला, “में!” आमचे अरब मालक, अर्बाब, पोट धरून खाली बसले. आमचा रंगारी बाळकृष्ण मालवणचा, तो कशाला सोडतोय! “अरे, ईदच्या बकऱ्याचा चामडा लावलंस, मगे तो आपलीच भाषा बोलतलो!”

दोष चामड्याचा नव्हता, नळी आखूड होती. लांब, रुंद नळी घातली आणि वाघ असा गुरगुरला की बाळकृष्णाच्या हातातला ब्रश पडला. मात्र शिपाई अगदी शेवटी घाईत जोडला आणि त्याच्या खांद्याची बिजागरी मी उलटी बसवली होती. ते कळलं बुधवारी, ऐन प्रदर्शनात. वाघ गुरगुरतोय आणि खाली पडलेला शिपाई कपाळाला हात लावून सगळ्यांना सलाम करतोय! पण सोबत आलेल्या अर्बाबनी वाकून “व अलैकुम सलाम” म्हटलं आणि सगळी शाळा हसली. वल्लरीने तर ती बिजागरी बदलूच दिली नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. टिपू एवढा मोठा सुलतान, पण पोटातलं बोलायला त्यालाही लाकडी वाघ लागला. मग मी कोण?

म्हणून वाघाचा आवाज टेप केलाय. आमच्या कारखान्यातले शरीफभाई सोमवारी गावी येताहेत. हे पत्र ते फक्त तुझ्या हातात देतील, कॅसेट घरातल्या सगळ्यांसाठी. मंगनीच्या दिवशी सगळे बिर्याणीवर होते आणि मी तुमच्या कपाटाचं करकरणारं दार दुरुस्त करत होतो, आठवतं? तू मुठीत स्क्रू धरून उभी होतीस, आणि शेवटचा मुद्दाम देत नव्हतीस. वाघ ऐकून सगळे हसतील, मग एकेक उठून जाईल. तू टेप बंद करू नकोस. खरखर जाऊ दे. पुढे मी बोललोय. आवाज पहिल्या दिवशीच्या वाघासारखा निघालाय, पण जे बोललोय ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझाच,
मुजम्मिल