मुख्यालय सोडू नये

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार
आज सहीला जायचं नाही. निलंबित ड्रायव्हरला ऑफिसात काम नसतं, पण रोज दहाला जाऊन हजेरीवर सही ठोकायची असते. शिवाय आदेशातली शेवटची ओळ: परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये. मुख्यालय म्हणजे धुळे. अख्खा जिल्हा चाकाखाली घातलेला माणूस, आता जकात नाका दिसला की सायकल वळवतो.
अपघात झाला तेव्हा जीप साहेबांचा मेहुणा चालवत होता. कागदावर मी होतो. असो, किती वेळा लिहायचं.
दुपारी करमेना म्हणून परसातल्या जुन्या वनटन ट्रकचं बॉनेट उघडलं. आत उंदरांचं घर. हौद्यावर सौ.ने वालाचा वेल चढवलाय, ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसलेली. उठायला तयार नाही.

१३ फेब्रु.
सही. दिवस मोकळा.
वनटन माझ्या वडिलांची, नानांची. मिलिटरीच्या लिलावातला ट्रक. नाना साक्रीकडच्या डोंगरात ठेकेदाराची लाकडं ओढायचे त्याच्यावर. ठेका बुडाला, ठेकेदारानं मजुरीऐवजी गाडीच गळ्यात मारली. नाना गेले तेव्हापासून उभी. चारही चाकं ओढतात, नदी असो की चढ. ती फक्त डांबरावर कुरकुरते, असं नाना सांगायचे.
सौ.: "हाई गाडी दारमाईन कधय जाई?" लग्न झाल्यापासून विचारते आहे. आज पहिल्यांदा उत्तर दिलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला.

१९ फेब्रु., रवि.
सौ. दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, खरंच?
खरंच. गेल्या उन्हाळ्यात लेकीची, सुनंदाची, साक्रीकडच्या डोंगरातल्या गावी पाठवणी झाली तेव्हा मीच मांडवात सगळ्यांदेखत बोललो होतो की पहिल्या आखाजीला मुऱ्हाळी म्हणून मीच येणार, गाडी घेऊन न्यायला. तेव्हा डोक्यात सरकारी जीप होती. फुशारकी दुसरं काय. पुढच्याच महिन्यात जीप गेली, नोकरी लटकली. दिवाळीला पोरीला आणायला जाता आलं नाही. मला ताप आल्याचं व्याह्यांना कळवलं. निलंबनाचं त्यांना ठाऊक नाही. सुनंदालाही नाही. सरकारी ड्रायव्हरची मुलगी म्हणून केलेली सोयरीक.

५ मार्च, रवि.
ब्रेकची किट, पॉइंट, क्लच प्लेट, सगळं मालेगावच्या जुन्या बाजारात मिळतं. मालेगाव मुख्यालयाबाहेर. निंबा माझा जुना दोस्त, एस.टी.त ड्रायव्हर, कधी मालेगावची फेरी लागते त्याला, कधी साक्रीची. तो सीटखाली घालून आणतो. आणलेली क्लच प्लेट दुसऱ्याच गाडीची निघाली. मी दहा मिनिटांत निवडली असती. बसून राहिलो तिच्याकडे बघत.

१४ मार्च
सही. हेडक्लार्कनं बोलावलं. "घरी गॅरेज टाकलंय म्हणे?" शेजाऱ्यांपैकी कोणीतरी अर्ज केलाय. दुसरा कुठलाही धंदा करत नाही असं दरमहा लिहून देतो, तेव्हा कुठे निर्वाह भत्ता निघतो. म्हणालो, बापाची गाडी आहे साहेब, पुसतोय.
"पुसा. पण रस्त्यावर आणू नका. धंदा समजला जाईल."
म्हणजे मी मुख्यालय सोडायचं नाही आणि गाडीनं परस सोडायचं नाही. चांगली जोडी.

२२ मार्च, होळी
आज सौ.ला ब्रेकवर बसवलं. मी खाली पाठीवर. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. नऊवारी आवरत, घरात पुरणाचं टाकून. "अजून कितला?" पाइपातली हवा संपेपर्यंत. शेवटी पेडल दगडासारखं लागलं तेव्हा वरून म्हणाली, "धरना ब्रेक." आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका कामाला होतो.
मग हँडल मारलं. चौथ्या-पाचव्याला धूर, आणि लागली. सगळी गल्ली होळी सोडून कुंपणाशी. कोंबड्या उडाल्या त्या संध्याकाळपर्यंत परतल्या नाहीत.

२८ मार्च
निंबा साक्रीहून आला. बाजारात सुनंदा भेटली, सासऱ्यासोबत.
"पोर वाळी गयी शे रे. मनाकडे दखे, बोले नही."
आणि व्याह्यांचा निरोप: दिवाळीले कोणी उनं नही. आखाजीले बाप सोता उना तरच धाडसूत.
माझ्याऐवजी सौ.चा एरंडोलचा भाऊ जायला तयार होता. तेही दार बंद.
सौ. चुलीशी बसून राहिली. मी बाहेर येऊन उगाच कमानपाट्यांना ग्रीस लावत बसलो. लावून झालं होतं.

३० मार्च
मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज दिला. कारण: मुलीस आणणे.

१८ एप्रिल
अर्ज वर गेलाय. वर म्हणजे कुठे ते हेडक्लार्कलाही माहीत नसावं.
रेडिएटर गळतोय. नानांचा उपाय केला, हळद टाकली. सौ.ची आखाजीची दळलेली. चिडली नाही. "आजून लागी का?" विचारून डबाच पुढे केला.
गाडी परसात पुढे-मागे करतो. कुंपणापर्यंत पुढे, विहिरीपर्यंत मागे. पहिला गिअर आणि रिव्हर्स. एवढ्या ताकदीच्या गाडीला दुसरा गिअर घालायला जागा नाही. राग येतो. कोणावर काढू?

२ मे
अर्जाचं उत्तर नाही. जगन शिपाई हळूच म्हणाला, साहेब तुमच्या एका चुकीची वाट बघतायत, मग बडतर्फच.
आखाजी सोमवारी. रविवारी उजाडायला निघायचं, पोरीला घेऊन दिवस मावळायच्या आत परत, सोमवारी सुट्टी नसेल तर दहाला सही. जगनला सांगितलं. "आणि नाक्यावर? ती गाडी लपणार आहे का?"
एस.टी.नं जाता येतं. बसथांब्यापुढे पायवाट आहे. हे मला कळत नाही असं नाही. पण गेलो तर व्याह्यांसमोर बोललेल्या गाडीनं जाईन, नाहीतर... सौ. म्हणते तुमची खोड मोडायची नाही.

५ मे
पेट्रोल भरलं. टायरांत हवा. वालाचा वेल कापला, सौ.ने स्वतः.
झोप नाही. गेलो तर नोकरी. न गेलो तर पोर.

६ मे, शनि.
संध्याकाळी टपावरची ताडपत्री बांधत होतो. कुंपणाशी कोणी उभं दिसलं. हातात बाजाराची पिशवी.
सुनंदा. एकटी. बाजारच्या बायांसोबत साक्रीला उतरली आणि तिथून धुळ्याच्या एस.टी.त बसली. न आणता आलेली लेक. आमच्यात असं कोणी येत नाही.
बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. आत येईना, गाडीकडेच बघत होती.
"आबा, हाई चालू व्हयनी?"
म्हटलं, होळीलाच झाली.
"मंग तू का उना नही?"
आलो नव्हतो, खरं होतं. सौ. धावत आली म्हणून सुटलो.

८ मे, आखाजी
शेजारच्या लिंबाला झोके. माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणत होत्या. सुनंदा गेली नाही. वनटनच्या हौद्यात बसून होती, सौ.ने आमरस तिथेच नेऊन दिला.
दुपारी मी वर चढून शेजारी बसलो. निलंबनाचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग कितीतरी दिवसांनी हसली.
"म्हंजे तुले बी कोंडेल शे."
नंतर खाली बघत: "माले परत धाडू नको, आबा."
काय झालं विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? पाठीवर हात ठेवला तर अंग चोरून घेतलं. मुलगी माझी, आणि माझ्या हाताला दचकते. तेवढ्यात सगळं कळलं.

१२ मे
व्याह्यांचा निरोप घेऊन निंबा आला. एकटी गेली ते पोटात घालू, पण बापानं आठवड्याच्या आत स्वतः आणून सोडावी. नाहीतर आमी येतस.
सौ. रडली. "धाडनीच पडी. लोके काय म्हनतीन?" ती वाईट नाही. घाबरली आहे. मीही.
निंबाला म्हणालो, सांग त्यांना, मी निलंबित आहे. मला मुख्यालय सोडता येत नाही. सरकारचा हुकूम आहे, मोडला तर नोकरी जाईल.
वर्षभर जे लपवायला तापाची सोंगं केली, ते आज मी आपणहून साक्रीला पाठवलं. लाज वाटेल असं वाटलं होतं. उलट जेवण गोड लागलं.

१६ मे
सही करून निघालो तर हेडक्लार्कनं हाक मारली. परवानगी आली. मुख्यालय सोडण्यास पाच दिवस मंजूर.
"घ्या. आणा आता मुलीला." मनापासून हसला बिचारा.
कागद चार घड्या करून खिशात. सायकल हातात धरून चालत घरी आलो.

१७ मे
सौ.ने सकाळीच विचारलं, "परवानगीनं काय व्हयनं?"
म्हटलं, काही नाही.
तिनं सदरा धुवायला नेला होता, परत खुंटीला दिसला. कोरडाच, न धुतलेला. खिशातला कागद जागेवर होता. तिला थोडंफार वाचता येतं.
दुपारी वनटनचं बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटर खोलायला घेतला. काही बिघडलेलं नाही त्यात, उत्तम चालतोय. सुनंदा रॉकेलचा डबा धरून शेजारी.
सौ. दारात उभी राहून बघत होती बराच वेळ. मला वाटलं आता बोलेल, बोलायलाच पाहिजे होतं तिनं. आत गेली. आली ती जुनी परात घेऊन. माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, नटबोल्ट मातीत नका टाकू, हरवतील.
व्याही येतील ते येतीलच. उद्या दहाला सही. आलो की गिअरबॉक्स उतरवायचा आहे.