दादाच्या नकाशातला बुद्ध

दिग्रस, १२ मे १९५७

दादा जाऊन महिना झाला. आज त्याची पेटी उघडली. फौजेबरोबर कोरियात असताना त्याने काढलेला एका जुन्या परगण्याचा नकाशा निघाला. तीन बाजूंना डोंगर, चौथीला नदी, पडका कोट. डोंगरातल्या विहाराशी लिहिलंय, ‘हजार वर्षांचा. पायथ्याच्या पाथरवटाने मला बुद्ध दिला.’

म्हणजे त्याने तिकडून आणलेली ती वीतभर मूर्ती बुद्धाची! दादा माझ्यासारखाच अबोल, कुणाची ते न सांगता त्याने ती आईच्या हातात ठेवली. तिने शेंदूर लावून देव्हाऱ्यात बसवली. धम्म घेतल्यावर घरातल्या देवांबरोबर मीच ती नदीच्या डोहात सोडली. दादाने नंतर का नसेल विचारलं?

आई म्हणाली, "मॅट्रिक झाला, अन् तुले बुद्ध ओयखता नाही आला?" मग महिन्याभरात पहिल्यांदा हसली. "डोह आटला हाये. सकाळी चाल."

नकाशाच्या कोऱ्या कोपऱ्यात मी आमची नदी काढली, आणि डोहावर फुली मारली.