मंदा महासंगणक शिकते

पुणे, १२ ऑगस्ट १९९९

आत्याबाई, तुमच्या सुनेचा पाया पडून नमस्कार.

त्या सकाळी मी गोठा झाडून भाकरी थापत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोरीसंगं तू जाय, म्हशीचं मी पाहते." तुमच्यामुळेच मंदा इथं आहे. गुडघे कसे आहेत?

खेड्यातल्या मुलींना इथं महासंगणक चालवायला शिकवतात. एकच मोठा हिशेब शंभर यंत्रांना वाटून द्यायचा, जशा आपण बाया ओळींची पात वाटून कापूस वेचतो. तुमचा लेक असता तर गावभर सांगत फिरला असता.

सोमवारी मात्र ती रडली. "आई, सगळं इंग्रजीत. मला जमत न्हाई, घरी हसनाबादला चल."

मी म्हणाले, "मी तर वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. तुला मास्तर आहेत." तरी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले आणि वर्ग सुटेपर्यंत दाराबाहेर बसून राहिले. आता ती रोज वर्गाला जाते.

तुमची गोजर