अर्ध्या बोटाचा उतार

तीर्थस्वरूप मामांना,

ठकठकचा साष्टांग नमस्कार. (खरोखर फरशीवर आडवं होऊन घातला आहे. आडवी झालेच होते म्हणून गाल टेकवून फरशी नुसती गार आहे की ओली, तेही बघून घेतलं. गार आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होत्या की डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली, तर तुम्ही मनाई चढायची आहे, उतरायची नाही, असा अर्थ काढून रोज सकाळी जिना उतरून खाली येता. वर कसे पोचता, ते त्यांना अजून सापडलेलं नाही. मीही विचारत नाही. मामींची पाठ, तुमची झोप आणि गॅलरीतल्या कुंड्या ठीक असाव्यात. इकडे सगळं खुशाल. पत्रास कारण मी शेवटी लिहिणार आहे, कारण ते आधी लिहिलं तर तुम्ही पत्र घडी घालून उशीखाली ठेवाल आणि मिळालंच नाही म्हणाल.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही चारचौघांत मी 'कुठल्याशा हापिसात' आहे असं सांगता असं कानावर आलं, म्हणून पुन्हा सांगते. लोक घर विकत घेण्याआधी मी ते तपासते. भिंतीला कान लावते, फरशीवर काठीने ठकठक करते, नळ सोडून ठेवते, चिरा मोजते आणि काय काय बिघडलं आहे त्याचा अहवाल देते. तुम्ही जन्मभर फरश्या बसवल्यात आणि मी त्या वाजवून कुठली बद्द वाजते ते सांगते, म्हणजे एकाच घरात एकाने पेरायचं आणि दुसऱ्याने उकरायचं, असं मामी म्हणतात. पण याला जबाबदार तुम्हीच. मी सहा वर्षांची असताना तुमच्या कामावर येऊन लुडबुड करायचे, तेव्हा मी एका जागी बसावं म्हणून तुम्ही मला आत निळा धागा असलेली काचेची गोटी दिलीत आणि म्हणालात, ही फरशीवर ठेव, कुठे जाते ते बघ आणि मला येऊन सांग. मी अजून तेच करते आहे. हापिसाने उतार मोजायचं यंत्र दिलं आहे, पण मी आधी गोटी ठेवते. यंत्र आकडा सांगतं. गोटी जाऊन दाखवते.

हापिसात मात्र माझं फारसं बरं चाललेलं नाही. अहवालात शेवटी 'इतर निरीक्षणे' असा एक रकाना असतो, तो बाकीचे लोक कोरा ठेवतात. मला तो कोरा बघवत नाही. मागच्या महिन्यात एका नव्या कोऱ्या घराबद्दल मी तिथे लिहिलं की स्वयंपाकघराची भिंत मनाने इथे नाही. (नव्हतीच. गिलावा विटांपासून सुटला होता, नुसता भिडेखातर उभा होता.) गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं की भिंत मनाने कुठे आहे. साहेबांनी मला बोलावलं आणि समजावलं की बाई गं, ओल, चीर, पोकळ, उतार, एवढे चार शब्द पुरेत. मी हो म्हटलं. मग त्यांच्या खिडकीबाहेर एका गच्चीवर वाळत घातलेली चादर हळूहळू फुगत होती, ती बघत राहिले. त्यांनी त्यानंतर मला दोनदा हाक मारली म्हणे.

असो. तर गेल्या गुरुवारी मला एका रस्त्याच्या टोकाच्या जुन्या घरी पाठवलं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई तिथे एकट्या राहतात. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लहानपणापासून त्यांचा डावा पाय अधू आहे. काठी घेऊन चार पावलं चालतात आणि मग दिवसभर पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसतात. आता घर विकून मुलीकडे राहायला चालल्या आहेत. घर घेणारं जोडपं तरुण आहे, पदरात रांगतं मूल आहे, आणि त्यांनी मला बजावलं की काही म्हणून झाकू नका, जे वाकडं असेल ते सगळं लिहा.

वाकडं पुष्कळ होतं. जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच आहे, तिथे मी जाताना ठेचकाळले, येताना ठेचकाळले, आणि तिसऱ्यांदा, या वेळी लक्षात ठेवायचं आहे या विचारात असताना ठेचकाळले. गच्चीचा उतार पाणी जायच्या भोकाकडे असायचा तो नेमका उलटीकडे, त्यामुळे तिथे एक लहानसं तळं कायमचं वस्तीला आहे. तळ्यात ढग होते. मी काठावर टेकले आणि एक ढग या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जाईस्तोवर बघू म्हटलं. तो गेला, आणि त्याच्यामागून माझ्या अहवालाचा गच्चीचा कागदही तरंगत गेला. न्हाणीघरातला पंखा वाफ बाहेर टाकायची ती माळ्यावर टाकतो. मी बघायला माळ्यावर चढले तर तिथे चाळीस वर्षांच्या आंघोळींचा, साबणाचा, ओल्या लाकडाचा असा काही वास कोंडला होता की मी बॅटरी विझवून तशीच बसले. किती वेळ ते सांगता येत नाही. बाईंनी खालून काठीने छत ठोकून विचारलं की चहा तिसऱ्यांदा गरम करू की तुझ्या घरी कळवू. विजेची तिसरी तार, जी जमिनीत खोल पुरायची, ती भिंतीतून बाहेर निघून परसातल्या जास्वंदीला बांधलेली आहे. (जास्वंद जोमात आहे.) खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्यात, दारं आपोआप उघडतात, आणि घरात एकही उंबरा नाही. तो बाईंनीच नको म्हटला होता, पाय उचलत नाही म्हणून. यातलं काहीच तुमचं नाही, घाबरू नका. तुम्ही फक्त फरशीचे.

आता फरशी. मी आतल्या दारापाशी गोटी ठेवली. ती जराशी थबकली आणि निघाली. घाई नाही, वळवळ नाही, ओळखीच्या वाटेने निघाल्यासारखी ती सरळ खोली ओलांडून खिडकीकडे गेली आणि बाईंच्या खुर्चीखाली जाऊन थांबली. मी दुसऱ्या कोपऱ्यातून सोडली, तरी तिथेच. चौथ्या वेळी बाई हसल्या आणि म्हणाल्या, अगं कुठूनही सोड, इथेच येणार ती.

गोटी काढायला मी खुर्चीखाली घुसले. भिंतीला लागून शेवटच्या फरशीच्या कडेला सिमेंटात एक अंगठा उमटलेला होता आणि त्या अंगठ्यावर आडवा व्रण होता. मामा, त्या अंगठ्याने भरवलेले घास मी खाल्ले आहेत, तो मला कोणी दाखवायला नको. काम संपलं की शेवटच्या फरशीशी तुम्ही अंगठा दाबता, हेही मला ठाऊक आहे. मी माझा अंगठा त्यात ठेवून बघितला. मावला, वर जागा उरली. आणि खुर्चीखाली तशीच ओणवी असताना मला उलगडलं की मी कुठे आले आहे. घरात चार माणसं जमली की तुमचं एक वाक्य ठरलेलं असतं, आयुष्यात एकच फरशी चुकली, पातळी बघायच्या पाण्याच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला आणि लेव्हल गेली. कुठलं घर ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मामी म्हणतात, एका रस्त्याने तुम्ही कधी जात नाही, लांबून वळसा घालता. तो हाच रस्ता.

मी काही बोलायच्या आत बाईच बोलायला लागल्या. फरशी झाली तेव्हा त्यांच्या यजमानांनी गवंड्याला फैलावर घेतलं होतं. तो खाली मान घालून, नळी खराब होती साहेब, एवढंच म्हणत राहिला. मग बाई या खिडकीशी वह्या तपासायला बसायला लागल्या. हातातून लाल पेन्सिल पडली की ती टेबलाखाली हरवायची नाही, पायाशी येऊन थांबायची. दोऱ्याचं रीळ, औषधाची गोळी, शिकवणीच्या मुलांचे खोडरबर, सगळं चालत यायचं. एकदा कानातलं हरवलं ते तीन आठवड्यांनी फरशी पुसताना पाण्याबरोबर आलं. यजमानसुद्धा शेवटी शेवटी घरभर फेऱ्या मारत आणि दर फेरीला या खुर्चीपाशी येऊन उभे राहत. उतार माणसालाही लागतो, असं बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घर बांधताना सगळे यांनाच विचारायचे. त्या गवंड्यानं तेवढं मला विचारलं होतं. म्हणाला, बाई, तुम्ही बसणार कुठे?"

म्हणून त्यांची खात्री आहे की हा उतार तुम्ही त्यांच्यासाठी मुद्दाम दिलात. गेली चाळीस वर्षं त्या तुम्हाला मनातल्या मनात दुवा देताहेत. पुढच्या बुधवारी त्या निघतील, त्याआधी त्यांना त्या गवंड्याला एकदा बघायचं आहे, आणि त्यांनी मला विचारलं की तुझ्या कामात जुने लोक भेटत असतील, कोणाला ठाऊक असेल का. माझ्या मुठीत तुमची गोटी होती. मी म्हटलं, विचारून बघते.

तेव्हापासून मला सुचेनासं झालं आहे. सोमवारी अहवाल द्यायचा आहे. उतार मी लिहिला की तो दोष ठरतो. दोष ठरला की ते जोडपं फरशी उखडणार, आणि त्याआधी बाईंपाशी विषय काढणार, आणि जिला त्या माया समजत होत्या तो बुडबुडा होता हे त्यांना घर सोडताना कळणार. न लिहावा तर माझं काम खोटं. मी दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. चार शब्दांतला एकही पुरत नाही. तुमची आठवण फार येते. गुडघ्याला शेक घेत जा, आणि मामींना नमस्कार.

तुमची,
ठकठक

ता. क. – पत्रास कारण की, रविवारी चार वाजता मी गाडी घेऊन येते आहे. आपण बाईंकडे जायचं आहे. एकच पायरी आहे, उंबरा नाही, गुडघ्याची सबब चालणार नाही. मामींना मी आधीच सामील करून घेतलं आहे, त्या धुतलेला सदरा काढून ठेवतील. बाई विचारतील, मुद्दाम केलंत ना? तुम्ही लगेच नळी आणि बुडबुडा सुरू कराल, कामाबाबत तुम्हाला खोटं बोलवत नाही हे मी जाणते. म्हणून तोंड उघडूच नका. नुसती मान हलवा. एवढं एक खोटं माझ्यासाठी.

ता. क. दुसरा – पत्र हातोहात पाठवायचं राहिलं, कारण वाहून गेलेला गच्चीचा कागद पुन्हा करायला मला बाईंकडे जावं लागलं. तेव्हा कळलं की मागची खोली एक वर्षाने वाढवली. बाईंनी हट्टाने तोच गवंडी बोलावला आणि यजमानांनी स्वतः नवी नळी आणून त्याच्या हातात दिली. मी त्या खोलीच्या पार टोकाला गोटी ठेवली. ती दारातून बाहेर पडली, पुढची खोली ओलांडली आणि बाईंच्या खुर्चीखाली तुमच्या अंगठ्याशी जाऊन थांबली. मग यंत्र लावलं. दोन्ही खोल्यांत अर्ध्या बोटाचा उतार, केसाचा फरक नाही. मामा, बुडबुडा एका वर्षी राहील. पुढच्या वर्षी, नव्या नळीत, तोच बुडबुडा, त्याच खिडकीकडे? आणि या चुकलेल्या फरशीपायी तुम्ही चाळीस वर्षं मामींची बोलणी खाल्लीत. तर वरची विनंती रद्द समजावी. खोटं बोलायचं नाही, फक्त बोलत आलात ते थांबवायचं. अहवालात मी लिहिलं आहे: उतार, अर्धं बोट, खिडकीकडे, हेतुपुरस्सर. इतर निरीक्षणे: खुर्ची तिथेच ठेवावी.

ता. क. तिसरा – घरी आल्यावर राहवेना. आमची फरशीही तुमच्याच हातची, सहा दिवस गुडघ्यांवर बसून बसवलेली, म्हणून तीनही खोल्यांत गोटी ठेवून पाहिली. कुठेच जागची हलली नाही. यंत्रही शून्य दाखवतं. मी सख्खी भाची, मी तुमचं काय घोडं मारलं होतं, म्हणून रागाने मामींना फोन लावला. त्या म्हणाल्या, अगं तुलाही विचारलं होतं त्यांनी, ठकठके, तू बसणार कुठे? तीनदा विचारलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस.