वाढताना टाकलेले थेंब

३ जुलै
आज पुन्हा ताट ढकललं! "तू वरणात काई टाकून राह्यली." चार महिने हेच. आधी शाळेतले मास्तर, मग शेजारचे बंडूजी, नि आता मी — सगळे म्हणे यांना विष घालायला टपलोय. पोरांना गणित शिकवणारा माझा नवरा हा! डॉक्टरांची गोळी दिसली की आतून कडी लावून घेतो. किती कपाळ फोडू?

६ जुलै
एकटीच एसटीनं वर्ध्याला जाऊन डॉक्टरांना भेटले. त्यांनी थेंब दिले, बिनचवीचे. म्हणाले, नाइलाज म्हणून थोडे दिवस जेवणातून द्या. सावरले की तुम्हीच त्यांना सांगा. सासूबाई म्हणाल्या, "कव्हाच सांगू नको. नाई त हेमराज तुह्या हातचं पानीबी घेनार नाई."

७ जुलै
टाकले. वाटी माझ्यापुढे सरकवली — "तू खाय पयले." खाल्लं! दिवसभर डोळे उघडेनात, कपडे धुताधुता मोरीतच बसले.

८ जुलै
आता आधी त्यांच्यासमोर खाऊन दाखवते. थेंब दुसऱ्यांदा वाढताना.

२१ जुलै
हिंगणघाटला भाचीचं बारसं. गेले नाही. एक दिवस घर सोडता येत नाही, थेंब मोजताना सासूबाईंचा हात थरथरतो. आई फोनवर रडली. जीव गुदमरतो माझा इथं.
रोज विचारतात, काही टाकलंस का? रोज म्हणते, तुमचा भ्रम आहे. वेडं कोण नि खोटारडं कोण, मलाच कळेना!

१९ ऑगस्ट
त्यांना आता झोप लागते. बंडूजींच्या ओट्यावर जाऊन बसले, सोयाबीनचं बोलले! सासूबाईंनी मारुतीला नारळ फोडला.

४ सप्टेंबर
डॉक्टर चिडले. आता सांगाच, पुढचं औषध त्यांनी स्वतः घ्यायला हवं म्हणाले. खरंय. पण सांगितलं नि पुन्हा ताट ढकललं तर? दोनदा तोंडाशी आलं, गिळलं. भेकड आहे मी.

९ सप्टेंबर
ठरलं, आज सांगायचंच. त्यांच्याजवळ जाऊन बसले. तर त्यांनीच माझा हात धरला, डोळे भरून आले होते. "सुरभी, मी तुह्यावर नाई तो आळ घेतला. कोणी काईच टाकत नोतं, सारं माह्या डोक्यातलं होतं. माफ करजो मले."
मी म्हटलं, असू द्या. केलं माफ.