मशीनजवळ धरलेला फोन

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! दोन नंबरच्या शेडमधून फोन. बाईचा आवाज अगदी स्वच्छ — "मास्तर, काजाचं मशीन अडकतंय, ऐका." मग तिने फोन मशीनजवळ धरला. आणि मला काय ऐकू आलं? काही नाही. तिचा खोकला आला. मागे कुणी हसलं तेही आलं, खुर्ची सरकलेली आली. मशीन तेवढं नाही!

एकतीस वर्षं मशीनं ऐकत आलोय. तीन शेड तीन वेगळ्या रस्त्यांवर, शिलाईची एकशे चाळीस मशीनं, आणि ती दुरुस्त करणारा मी एकटा. म्हणून मोबाइल आल्यापासून ही पद्धत पडली — बायकांनी फोन मशीनजवळ धरायचा, मी आवाज ऐकून रोग सांगायचा. सुई वाकलीय, पट्टा सैल झालाय, तेल संपलंय. फारच गंभीर असेल तर सायकल काढायची. मालक आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या मास्तरांचा कान म्हणजे सोनं!"

सोनं म्हणे. दोन-अडीच वर्षांपासून कमीच ऐकू येत होतं. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही कानांत शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवून घेतली. फोन आला की थेट कानातच बोलतात माणसं. वरून केस वाढवलेत. बायको सोडली तर कुणाला पत्ता नाही.

त्या बाईला ठोकून दिलं — "तेल घाला, दहा मिनिटं थांबा." तेल घालून आजवर कुणाचं वाईट झालंय?

५ मार्च, गुरुवार

घरी प्रयोग केला. बायकोला आतल्या खोलीत तिच्या मशीनवर बसवलं, तिचा फोन शेजारी ठेवायला लावला, आणि मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. ती पायडल मारतेय. माझ्या कानात शांतता. मग एकदम तिचा आवाज — "अहो, झालं का? रिकामंच चालवत बसू का दिवसभर? शेजारी म्हणतील, हिला वेड लागलं!" शब्द न् शब्द आला. मशीनचा एक ठोका नाही.

आत आलो. कानातली काढली आणि मशीनच्या टेबलावर तळहात ठेवला. सगळं कळलं! पट्टा किंचित घसरतोय, डावीकडचा स्क्रू ढिला आहे. हात अजून शाबूत आहे माझा. पण तळहात काही फोनमधून पाठवता येत नाही.

"मालकांना सांगून टाका," बायको म्हणाली. हिला बोलायला काय जातं! ज्याचा कान सोन्याचा म्हणून ठेवलाय, त्याने जाऊन सांगायचं, की कान गेला? उद्यापासून मी कोण? घरात बसून हिचा पट्टा आवळणारा.

६ मार्च

तीन फोन आले. तिघींनाही तेल.

९ मार्च, सोमवार

दुपारी जेवणाआधी फोन. दोन नंबर शेडमधली नवी बाई. पंधरा दिवसच झालेत तिला, चाळिशीची आहे, आजवर घरीच शिवायची. फार अदबीने बोलते. "मास्तर, मला वाटतं टक् टक् होतंय. माझा भासही असेल. तुम्ही ऐका ना." तिने फोन धरला. मी डोळे मिटले, श्वास रोखला. काही नाही. मी म्हणालो, "एकदम छान चाललंय. चालवा बिनधास्त."

बिनधास्त! हा शब्द माझाच.

संध्याकाळ

चार वाजता सुई मोडली. तुकडा उडाला तो तिच्या उजव्या डोळ्यात. शेड बघणाऱ्या ताईंचा फोन आला तेव्हा मागे बायका रडत होत्या. त्या सगळ्या ऐकू आल्या मला, एकूणएक.

मी जाऊन मशीन उघडलं. खालचा, दोरा पकडणारा हुक सरकून सुईला घासत होता. फिरकीगणिक टक्. टक्. हा आवाज मी झोपेत ओळखला असता. शिकाऊ पोरगंही ओळखेल. तिने तर ओळखलाच होता! मी सांगितलं, नाही म्हणून.

१० मार्च, मंगळवार

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. "मास्तर, मशीनमध्ये काही दोष होता? तुमच्याकडे तक्रार आली होती?"

मी कानांवर हात ठेवले. म्हणजे बोलण्यात. खरोखर ठेवले असते तर आतल्या यंत्रांनी शिट्टी मारली असती, आणि ते बरं झालं असतं. म्हणालो, "नवीन आहे बाई. सुई नीट बसवली नसेल."

हे मी बोललो. माझ्या तोंडाने. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

११ मार्च

जेवण गेलं नाही. बायकोने ताट उचलून नेलं.

१२ मार्च, गुरुवार

कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीवर चिडलोच — "दोन महिन्यांत बिघडली तुमची यंत्रं!" तिने तपासली. शांतपणे म्हणाली, "काका, काही बिघडलेलं नाही. उलट चोख चाललीत. एकसारखी घरघर आली की यंत्र तिला गोंगाट समजतं आणि काढून टाकतं, माणसाचं बोलणं नीट कळावं म्हणून. मोबाइलही तेच करतो. दोन चाळण्या लागतात आवाजाला." मग तिने विचारलं, "तुम्ही फोनवर बोलणंच ऐकता ना?"

मी म्हणालो, हो.

म्हणजे माझी रोजीरोटी म्हणजेच ह्यांचा गोंगाट! एकतीस वर्षं जे ऐकून जगलो, ते हे दोन शेंगदाणे कचरा म्हणून गाळत बसलेत. आणि हे मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर? एक प्रश्न. फोनवर मशीन ऐकू येईल का, एवढाच. पण मशीन कशाला ऐकायचंय हे सांगावं लागलं असतं, आणि मला तर कुणालाच काही कळू द्यायचं नव्हतं. शहाणा ना मी! हसू आलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

१४ मार्च, शनिवार

त्या नव्या बाईच्या घरी गेलो. एकच खोली, खिडकीखाली शिलाई मशीन, त्यावर चादर टाकलेली. डोळ्यावर पट्टी. मी दारात दिसताच उठून उभी राहायला लागली. मास्तर आले म्हणून! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मीच फोन नीट धरला नसेल. तुम्हाला आवाज पोचलाच नसणार. मला ना, मशीनच्या कुठल्या बाजूला धरायचा ते कुणी शिकवलं नव्हतं."

आणि मी काय म्हणालो? "असू दे, विश्रांती घ्या." चहा प्यालो तिच्या हातचा. एका डोळ्याने अंदाज घेत तिने कपात ओतला, थोडा बशीत सांडला, त्याचीही माफी मागितली. मी चहा पिऊन आलो! माणूस किती खाली जाऊ शकतो, तर कप रिकामा होईपर्यंत.

१६ मार्च, सोमवार

शेडच्या दारावर नोटीस लागली. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. तिला परत घेणार नाहीत. खाली मालकांची सही, पण अक्षर न् अक्षर माझं आहे.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही याची मला कधी लाज वाटली नाही हो. आज वाटतेय, पण त्याची नाही."



१७ मार्च, मंगळवार

त्या बाईची पट्टी काढली. उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, यापुढे फरक पडणार नाही. सुईत दोरा ओवता येत नाही तिला. तिच्या मुलीने फोन करून सांगितलं. मुलीचा आवाज अगदी स्वच्छ आला.

मरावंसं वाटतं. नाही — मरणं सोपं पडेल, तेवढी सोय मी स्वतःची करून देणार नाही. उद्या मालकांकडे जाणार. इथे लिहून ठेवतो म्हणजे सकाळी पाय मागे घेता येणार नाही.

१८ मार्च, बुधवार

मालकांना सांगितलं. कानातली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. नोटीस उतरली. तिला घडी-पॅकिंगच्या कामावर घेतो म्हणाले. माझं काय ते महिनाअखेरीला ठरवतील.

मग दोन नंबर शेडमध्ये गेलो, ताईंनाही सांगायला. त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "मास्तर, दोन वर्षं झाली आम्हाला कळून. तुम्ही फोनवर सांगता ते आम्ही कुणीच करत नाही. फोन लावतो, 'बरं मास्तर' म्हणतो, ठेवतो, आणि आमचं आम्ही मशीन उघडून बघतो. तुमचं काम टिकावं म्हणून. नवीन कुणी आली की पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन सांगते — फोन कर, पण मास्तरांचं ऐकू नकोस."

मग त्या खाली बघायला लागल्या.

"हिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."