एक पाऊल मागे, डाव्या हाताला

पासो ताकुआरा,
१४ जून

आदरणीय लिंदाताईस,

धाकट्या एलादियोचा वाकून नमस्कार. हे पत्र मार्चमध्ये यायला हवं होतं ते जूनमध्ये येतंय, त्याबद्दल आधी कान पकडतो आणि मग पुढे लिहितो. चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा एकाच जागी येऊन अडलो (ती जागा पुढे येईल, नाही आली तर समजून घे). तुझा गुडघा कसा आहे? रोसारियोत यंदा थंडी लवकर उतरली असं रेडिओवर ऐकलं आणि दोन दिवस मला तुझ्या गुडघ्याचाच घोर लागला. लोकरीचे मोजे घालत जा. माझं म्हणशील तर छातीत डाव्या बाजूला सारखं धडधडतं. डॉक्टर म्हणतो, काका, ते हृदय आहे, ते धडधडायलाच हवं. असेलही. पण माणूस झोपू पाहत असताना एवढ्या जोरात कशाला?

पत्राचा विषय अर्थातच आपली ओतिलिया. तू तिची आत्या, सात वर्षं तिला स्वतःच्या घरी ठेवून शिकवलंस, त्यामुळे तिचं मोठेपण तुला सांगणं म्हणजे तुझंच लुगडं तुला दाखवण्यासारखं आहे, पण सांगितल्यावाचून मला राहवत नाही. नदीवर तराफा चालवणाऱ्या तिसरी पास माणसाची मुलगी आज बावीस वर्षं राष्ट्राध्यक्षांच्या खासगी कार्यालयात आहे, आणि त्यातली चौदा वर्षं त्या कार्यालयाची प्रमुख. राष्ट्राध्यक्ष चार झाले, ओतिलिया एकच. पहिल्याने तिला ठेवलं कारण ती चुका करत नव्हती. दुसऱ्याने ठेवलं कारण पहिल्याचे कागद कुठे आहेत ते फक्त तिला ठाऊक होतं. तिसऱ्याने का ठेवलं ते त्यालाही कळलं नसावं, त्याला बऱ्याच गोष्टी कळत नव्हत्या. आणि चौथा तिला विचारल्याशिवाय घसा साफ करत नाही असं मी लोकांना सांगतो. (हे तिने मला सांगितलेलं नाही. ती मला काहीच सांगत नाही. तेच तर तिचं काम.)

वर्तमानपत्रातले तिचे फोटो मी कापून ठेवतो हे तुला माहीत आहे. एकूण सतरा आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या एक पाऊल मागे, डाव्या हाताला, ही तिची ठरलेली जागा, आणि छापणारे नेमके तिथेच कात्री लावतात. त्यामुळे नऊ फोटोंत तिचं कोपर आहे, पाचांत खांदा, दोनांत फाइल धरलेली बोटं, आणि एकात कान, तोही कुणा परदेशी राजाच्या मिशीआड. मला ते कोपर हजारात ओळखू येतं. पण आपला न्हावी सोइलो, जो चाळीस वर्षं माझे केस कापतो आणि चाळीस वर्षं माझी खोडी काढतो, तो भर दुकानात म्हणाला, "काका, हे कोपर माझ्या मेहुणीचंही असू शकतं. खरीच एवढी मोठी असती तर बापाकडे एक रात्र राहायला आली नसती का?" ताई, कोपराचं मला काही वाटलं नाही. दुसरं वाक्य मात्र लागलं. पोरीची आई, आपली रुफिना, गेली तेव्हा पोरगी आली होती, तीही तीन तास, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली. देशाचं काम आहे, मी समजतो. सगळ्यांना मी हेच सांगतो की मी समजतो.

तर त्याच आठवड्यात शेजारच्या कासिमिराला सातवा मुलगा झाला. एकापाठोपाठ सात, मध्ये एकही मुलगी नाही. आता सातव्याला राष्ट्राध्यक्ष धर्मपिता झाले नाहीत तर पोर मोठं होऊन दर शुक्रवारी लोबिसोन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा लांडगा, होतं, चार पायांवर कोंबड्यांच्या खुराड्यांभोवती फिरतं, हे तुला काय सांगायचं. माझा यावर विश्वास नाही. (एकदा शुक्रवारी तराफ्यावर एक कुत्रा आपण होऊन चढला, पैलतीरी उतरला आणि जाताना मान लववून गेला. पण त्याला साक्षीदार नाही, म्हणून ते सोडून देतो.) कासिमिरा रडत होती, सोइलो हसत होता, आणि मी न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला बसलो होतो. तसाच उठून म्हणालो की राष्ट्राध्यक्ष या पोराचे धर्मपिता होतील आणि त्यांच्या वतीने खुद्द ओतिलिया येईल. उरलेली अर्धी दाढी मग मला घरी करावी लागली.

ओतिलियाला मी सहा पानी पत्र लिहिलं, सोबत चीजचा एक गोळा पाठवला. उत्तर आलं ते छापील कागदावर. अर्ज नोंदणी कचेरीमार्फत करावा, सात जन्मदाखले आणि आईबापांच्या लग्नाचा दाखला जोडावा. खाली पेनाने लिहिलं होतं: "बाबा, इथे भेटवस्तू घेता येत नाहीत. चीज दारावरच्या पहारेकऱ्यांच्या नोंदवहीत चढवून अनाथाश्रमाला दिलं. छातीची तपासणी केलीत का?" मला राग आला आणि अभिमानही वाटला, कुठला जास्त ते अजून ठरलेलं नाही. तो कागद मी सोइलोच्या आरशाला चिकटवला. जी बाई बापाचं चीजसुद्धा नोंदवहीत चढवते, ती कोण आहे ते आता विचारा म्हटलं.

लग्नाच्या दाखल्यापाशी मात्र घोडं अडलं, कारण कासिमिरा आणि तिचा आबुंदियो यांचं कचेरीत लग्नच झालेलं नव्हतं. बारा वर्षं आज जाऊ, उद्या जाऊ, आधी नदीला पूर, मग गाय व्यालेली. शेवटी गुरुवारी त्यांना तालुक्याला नेलं आणि सहा मुलगे बाकावर ओळीने बसवून, सातवा माझ्या हातात, असं लग्न लावलं. कारकुनाने नवऱ्याला विचारलं की वधूला किती दिवसांपासून ओळखता, तेव्हा आबुंदियोने बाकाकडे बोट दाखवलं. परतीच्या वाटेवर तो माझ्यावरच फुगला. "काका, बारा वर्षं ही माझं ऐकत होती. आता हिच्याकडे कागद आहे." कासिमिरा म्हणाली, "ऐकत नव्हते रे, गप्प होते."

अर्ज मंजूर झाला. पण त्याबरोबर जे आलं ते वाचून मी ओसरीवरच खाली बसलो. राष्ट्राध्यक्षांच्या वतीने बाप्तिस्म्याला उभं राहायला प्रतिनिधी नेमला होता, आणि त्या जागी लिहिलं होतं, श्री. एलादियो मोंसोन, निवृत्त तराफेवाले, राहणार पासो ताकुआरा. तुझा भाऊ. ज्याला 'प्रजासत्ताक' हा शब्द अजूनही दोन दमांत म्हणावा लागतो. मी सहकारी दुकानातून राजधानीला फोन लावला आणि ओरडूनच विचारलं की हे काय केलंस. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, प्रतिनिधी स्थानिक असावा लागतो, त्याच्यावर गुन्हा नोंदलेला नसावा, सही करता यावी. लष्करातला अधिकारी पाठवायचा तर गाडी, चालक आणि भत्ता. सगळ्यांत स्वस्त तुम्ही पडलात." मग म्हणाली, "राष्ट्राध्यक्ष धर्मपुत्राला देतात ते पदक टपालाने पाठवायची परवानगी नाही. ते घेऊन मी येते. रजा टाकली आहे."

फोन ठेवल्यावर मी दुकानातल्या मिठाच्या पोत्यावर बसून राहिलो. दुकानदाराने विचारलं की कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, कुणी येतंय.

त्या दिवसाचं काय सांगू. लग्नातला कोट काढला, त्याला पाठीमागे कसरीने खिडक्या पाडल्या होत्या, म्हणून ठरवलं की कुणाकडे पाठ करायची नाही. (राष्ट्राध्यक्षाला हे जमतं कसं, देव जाणे.) सोइलोने फुकट दाढी केली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बहुवचनात बोलला. ओतिलिया सकाळच्या बसने आली. काळा स्कर्ट, हातात फाइल, केसांत पांढरं बरंच झालंय, आणि ते कुठल्याच फोटोत दिसलं नव्हतं. मला वाटलं गळ्यात पडेल. तिने गालाला गाल लावला, माझी कॉलर सरळ केली, आणि आम्ही चर्चकडे निघालो तेव्हा एक पाऊल मागे, डाव्या हाताला चालू लागली. ताई, मी दोनदा थांबलो, की बाई बरोबरीने चाल. मी थांबलो की तीही थांबायची. सवयच ती. रस्त्याच्या दोन्ही कडांना सगळा गाव उभा होता आणि फौजदाराने मला सलाम ठोकला, तोच फौजदार ज्याने मागच्या वर्षी माझ्या गाढवाला दंड केला होता.

चर्चमध्ये पाद्री आन्सेल्मोंनी पोर माझ्या हातात दिलं. ते इतकं गाढ झोपलं होतं की ते मेलं अशी माझी खात्री झाली. देशाच्या वतीने मेलेलं पोर धरून उभा आहे या विचाराने घाम फुटला, आणि मी हळूच त्याला चिमटा काढला. त्याने जो आवाज काढला तो ऐकून मागच्या तीन रांगा दाराकडे सरकल्या. कासिमिरा पांढरीफटक. तेवढ्यात डाव्या कानाशी शांत आवाज आला, "बाबा, डोकं कोपरावर घ्या. आणि विचारल्यावर फक्त 'होय' म्हणा." मी डोकं कोपरावर घेतलं, 'होय' म्हटलं, पाणी पडलं, पदक बांधलं, पोर पुन्हा झोपलं. ताई, मला तेव्हा समजलं की चार राष्ट्राध्यक्ष इतकी वर्षं सरळ कसे उभे राहिले.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बाहेर संत्र्याच्या झाडाखाली आबुंदियोने बैल भाजायला लावला होता, मला खुर्चीत बसवलं, आणि लोक एकेक करून समोर यायला लागले. सोइलो म्हणाला, पुलावर दोन दिवे हवेत. मी म्हटलं, दिले. रामीरेसच्या विधवेचं निवृत्तिवेतन चार वर्षं अडलंय, मी म्हटलं, सुटलं. आबुंदियोचा भाऊ गुरांच्या भानगडीत आत आहे, त्याला मी माफी दिली. शाळेला छप्पर दिलं. पाद्र्याला घंटा देत होतो, तेव्हा ओतिलिया वाकली आणि म्हणाली, "बाबा, राष्ट्राध्यक्ष असं काही देत नाहीत. ते फक्त म्हणतात, अर्ज करा." मी म्हटलं, मग त्यांचा उपयोग काय? ती म्हणाली, "म्हणून मी असते."

मग तिने सहकारी दुकानातलं टाइपरायटर मागवलं, झाडाखाली टेबल टाकलं, आणि मी वाटलेलं सगळं राज्य एकेक करून कागदावर उतरवून घेतलं. एकतीस अर्ज. मांस थंड झालं, ती उठली नाही. विधवा बोलताना तीनदा रडली, वर कोंबड्यांची हकिगत सांगितली, ओतिलियाने तिला मध्ये तोडलं नाही, सगळं संपल्यावर फक्त विचारलं, "मावशी, नवऱ्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस कुठला?" आणि विधवेला तो एकदम आठवला. चार वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. बावीस वर्षं मी गावाला सांगत होतो की माझी मुलगी देश चालवते. मलाच ठाऊक नव्हतं की तो असा चालवतात, एका वेळी एक माणूस समोर बसवून. सोइलो आपला अर्ज सही करून उठला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, माझ्या मेहुणीला हे जमलं नसतं." चाळीस वर्षांत त्याने दिलेली एवढी एकच कबुली.

विधवेचे पैसे मे महिन्यात आले. दिव्यांचा विचार चालू आहे असं पत्र आलंय. आबुंदियोचा भाऊ आतच आहे, आणि खरं सांगायचं तर तिथेच बरा.

ती रात्री इथेच राहिली. आपल्या घरात, अकरा वर्षांनी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेली. सगळं छान झालं. गुडघ्याची काळजी घे, मी ठीक आहे, ओतिलियाचं उत्तम चाललंय, देवाची कृपा आहे.

तुझा धाकटा भाऊ,
एलादियो

ता. क. चीजचा एक गोळा तुला पाठवत आहे. तुझ्या दाराशी नोंदवही नाही.

ता. क. २. सगळं छान झालं असं वर लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. मी अडतो ती जागा हीच. निघायच्या सकाळी आम्ही दोघं मागच्या दारी कडू माते-चहा पीत होतो. तिने पेला परत दिला आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या मार्चपर्यंत नवे राष्ट्राध्यक्ष येतील. ते आपली माणसं आणतील, मीही फार वर्षं उभी राहिले. मागची खोली रिकामी आहे का?" आणि ताई, तुझ्या या भावाने काय उत्तर द्यावं? म्हणालो, "तिथे मका भरलाय. आणि तुझ्यावाचून देशाचं कसं होणार?" मला वाटलं हे ऐकून तिला बरं वाटेल. गावात सगळ्यांना मी हेच सांगत आलोय, तेच तोंडातून निघालं. ती "बरं" म्हणाली. झाडाखाली लोकांना म्हणत होती तसंच, अगदी तसंच.

ता. क. ३. मका काढला. चुना लावला, दोन हात. खाट घातली, खिडकीला जाळी बसवली, डास फार आहेत. हे मला तिला लिहिता येत नाही. लिहायला बसलो की मी दुसऱ्याच गोष्टीचं लांबलचक पत्र लिहितो, ते तू आत्ता वाचलंसच. तुझं ती ऐकते. तू तिला सांग की खोली रिकामी आहे, आणि देशाचं काय व्हायचं ते होईल. ती काय म्हणते ते लगेच कळव, दोन ओळी पुरे. हो म्हणाली तरी कळव, नाही म्हणाली तरी कळव. मका माझ्या पलंगाखाली आहे, उंदीर लागले आहेत, पण तुझं पत्र येईपर्यंत मी तो हलवणार नाही.